मराठी मजकूर ऑनलाइन मोजताना: शब्द, अक्षरे, कॅरेक्टर आणि बाइट

‘स्वातंत्र्य’ हा एकच शब्द चार वेगवेगळ्या ऑनलाइन काउंटरमध्ये चिकटवला, तर त्याची लांबी एकीकडे ३, दुसरीकडे ६, तिसरीकडे ११ आणि चौथीकडे ३३ अशी दिसू शकते. चारही आकडे बरोबर असतात, कारण प्रत्येक साधन वेगळी गोष्ट मोजत असते. आपल्याला नेमके काय मोजून हवे आहे, हे मात्र बहुतेक साधने विचारत नाहीत. ‘कॅरेक्टर’ असे लिहून एक आकडा दाखवतात आणि थांबतात. साध्या इंग्रजी मजकुरात हे चारही आकडे एकच येतात. म्हणून इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून बनवलेल्या साधनांत ही अडचण कुणाच्या लक्षातच येत नाही. मराठीत मात्र तिच्यापायी अर्ज मध्येच तुटतो, एका एसएमएसचे दोन होतात, आणि मर्यादेत बसवलेला मजकूर मर्यादेबाहेर ठरतो.

आधी एकक ठरवा

वरचे चार आकडे कुठून आले ते पाहू.

तीन म्हणजे शाळेत शिकलेली अक्षरे: स्वा, तं, त्र्य. जोडाक्षर कितीही गुंतागुंतीचे असो, ते एक धरायचे. कविता आणि वृत्तांसाठी हीच मोजणी चालते. मोठ्या अभंगाच्या चरणांतली ६, ६, ६, ४ अक्षरे किंवा शार्दूलविक्रीडिताच्या ओळीतली १९ अक्षरे तपासायची असतील, तर बाकीचे तीनही आकडे निरुपयोगी आहेत.

सहा म्हणजे स्, वा, तं, त्, र्, य. पाय मोडलेले प्रत्येक व्यंजन सुटे धरले की हा आकडा येतो. युनिकोड म्हणजे संगणकावरच्या सगळ्या लिप्यांसाठीचे सामाईक मानक. त्याचा अक्षरे वेगळी करण्याचा जुना नियम असाच होता. २०२३ मध्ये आलेल्या १५.१ या आवृत्तीत तो बदलला आणि देवनागरी जोडाक्षर एकच धरायचे ठरले. जुन्या नियमावर बांधलेली साधने अजूनही सहाच सांगतात. हा आकडा व्यवहारात कुठेच कामाला येत नाही. तो ओळखता यावा एवढ्यासाठीच लक्षात ठेवायचा.

अकरा म्हणजे संगणकाने साठवलेली चिन्हे: स, हलन्त, व, काना, त, अनुस्वार, त, हलन्त, र, हलन्त, य. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि पाय मोडण्याचे चिन्ह म्हणजेच हलन्त ही सगळी स्वतंत्र कॅरेक्टर आहेत. ऑनलाइन अर्ज, एसएमएस, समाजमाध्यमे यांच्या ‘कॅरेक्टर लिमिट’चा अर्थ जवळजवळ नेहमी हाच असतो.

तेहतीस म्हणजे बाइट, म्हणजेच संगणकातली जागा मोजण्याचे एकक. मजकूर साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, तर मोकळी जागा, स्वल्पविराम, पूर्णविराम आणि इंग्रजी अक्षरे प्रत्येकी एक. मराठी विकिपीडियावर पानाच्या इतिहासात दिसणारे अधिक-उण्याचे आकडे बाइटचे असतात. लेखात ‘महाराष्ट्र’ एवढा एक शब्द वाढवला की तिथे अधिक ३० दिसते. त्यामुळे ३,००० बाइटची भर म्हणजे फार तर हजार-अकराशे चिन्हांचा मजकूर.

कोणतेही साधन हाताशी नसेल तेव्हा कॅरेक्टर मोजण्याची एक सोपी रीत आहे. शब्दाच्या शेवटी कर्सर ठेवून बॅकस्पेस दाबत जा. बहुतेक लेखन-साधनांत मराठी मजकुरावर बॅकस्पेस एका वेळी एकच चिन्ह खोडते, म्हणून ‘स्वातंत्र्य’ पूर्ण पुसायला अकरा वेळा दाबावे लागते. डिलीटची कळ मात्र पुष्कळदा अख्खे अक्षर उडवते, म्हणून मोजायला ती वापरू नका.

साधन आधी तपासून घ्या

शोधयंत्रात ‘वर्ड काउंटर’ टाकले की डझनभर संकेतस्थळे समोर येतात. मराठीसाठी कोणते विश्वासाचे, हे नावावरून कळत नाही. पुढचे वाक्य त्यात जसेच्या तसे टाका, शेवटच्या पूर्णविरामासह:

शाळा उद्या सकाळी सुरू होईल.

शब्दांचा आकडा ५ यायला हवा. १० आला तर ते साधन काना-मात्रा-वेलांटीला अक्षर समजत नाही आणि तिथे तिथे शब्द तोडते: ‘शाळा’चे ‘श’ आणि ‘ळ’ असे दोन शब्द, ‘उद्या’चे ‘उद’ आणि ‘य’ असे आणखी दोन. ० आला तर त्याला इंग्रजी वर्णमालेपलीकडचे काही शब्द म्हणून दिसतच नाही. दोन्ही प्रकारची साधने मराठीसाठी बाद. ‘साधारण निम्मे करून घेऊ’ असा हिशेब करू नका. चुकीचे प्रमाण प्रत्येक वाक्यात बदलते.

कॅरेक्टरचा आकडा २७ आला तर साधन चिन्हे मोजते आहे आणि चार मोकळ्या जागाही धरते आहे. २३ आला तर चिन्हेच, पण मोकळ्या जागा वगळून. १७ म्हणजे शाळेतली अक्षरे (पूर्णविराम आणि मोकळ्या जागा धरून), १८ म्हणजे जुना नियम (इथे ‘उद्या’तला ‘द्’ सुटा पडतो), आणि ७१ म्हणजे बाइट. यांपैकी काहीच न येता २८ किंवा २९ आले, तर वाक्यासोबत एखादी जास्तीची मोकळी जागा किंवा ओळ आली आहे. ती काढून पुन्हा पाहा.

ही चाचणी प्रत्येक साधनावर एकदा करावी आणि निकाल लिहून ठेवावा. साधन अद्ययावत झाले की मोजणीची पद्धत बदलू शकते, म्हणून महत्त्वाचा अर्ज भरण्याआधी ती पुन्हा केलेली बरी. अर्धा मिनिटही लागत नाही.

प्रत्यक्ष मोजणी

गूगल डॉक्स हे बहुतेकांच्या हाताशी असलेले आणि पुरेसे साधन आहे. संगणकावर ‘टूल्स’ मेन्यूत ‘वर्ड काउंट’ निवडा किंवा कंट्रोल, शिफ्ट आणि सी या कळा एकत्र दाबा. पाने, शब्द, कॅरेक्टर आणि मोकळ्या जागा वगळून कॅरेक्टर असे चार आकडे दिसतात. त्याच चौकटीत टाइप करताना आकडा सतत दाखवण्याचा पर्याय आहे. मर्यादेत लिहायचे असेल तर तो सुरू ठेवा. मोबाइल ॲपमध्ये उजवीकडच्या वरच्या तीन टिंबांत ‘वर्ड काउंट’ सापडतो. मजकुराचा काही भाग निवडून हीच आज्ञा दिली तर तेवढ्याच भागाचा आकडा मिळतो. अर्जाचा पत्ता आणि सही वगळून मुख्य मजकूर मोजायला हे उपयोगी पडते.

दोन फरक माहीत असू द्या. गूगल डॉक्स पानाच्या माथ्यावरचा व तळचा मजकूर आणि तळटीपा मोजत नाही. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये मोजणीच्या चौकटीत तळटीपा, अंत्यटीपा आणि मजकूर-चौकटी धरायच्या की नाही यासाठी एक खूण असते, आणि ती आधीपासून लावलेली असू शकते. एकाच प्रबंधाचे दोन ठिकाणी दोन आकडे आले, तर पहिला संशय याच खुणेवर घ्यावा.

मजकूर दुसरीकडून आणून मोजायचा असेल तर क्रम असा ठेवा:

१. मूळ मजकुराची एक प्रत काढा. छाटाछाट प्रतीवर करा.

२. मर्यादेत जे धरायचे नाही ते प्रतीतून काढा: शीर्षक, तारीख, नाव-पत्ता, संदर्भसूची. काय धरायचे हे सूचनेत लिहिलेले नसेल, तर शीर्षक धरून मोजा. मर्यादेच्या आत राहणे केव्हाही सुरक्षित.

३. साधनात चिकटवताना कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही दाबा, म्हणजे रंग, आकार, दुवे गळून नुसता मजकूर उतरतो.

४. शब्दांचा आणि कॅरेक्टरचा असे दोन्ही आकडे टिपा, आणि कॅरेक्टर मोकळ्या जागांसह आहेत की वगळून तेही.

५. मजकूर छाटल्यावर पुन्हा मोजा, आणि शेवटी जिथे तो द्यायचा त्या चौकटीत चिकटवून अखेरचे वाक्य डोळ्यांनी वाचा. अर्धवट तुटलेला मजकूर पकडण्याची ही सर्वांत भरवशाची जागा आहे. हा टप्पा गाळू नका.

शब्दमर्यादा: माहिती अधिकाराचा अर्ज

मराठी शब्दमोजणीचे बारकावे दिसायला हा नमुना उत्तम आहे. महाराष्ट्राच्या माहिती अधिकार नियमांत २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, अर्जातली मागणी एकाच विषयाची असावी आणि साधारणपणे १५० शब्दांपेक्षा मोठी नसावी. केंद्राच्या २०१२ च्या नियमांत ही मर्यादा ५०० शब्दांची आहे, आणि तिथे पत्ते व जोडपत्रे मोजणीतून वगळली आहेत. १५० शब्द ऐकायला कमी वाटतात, पण मराठी नीट लिहिली तर ते पुरतात. हा परिच्छेद मोजून पाहा:

सन २०२३-२४ या आर्थिक वर्षात ग्रामपंचायत हद्दीतील रस्त्यांच्या दुरुस्तीसाठी मंजूर झालेल्या निधीची रक्कम, कामाचा आदेश, मोजमाप पुस्तिकेतील नोंदी आणि अंतिम देयक यांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात.

हे २५ शब्द झाले. चार गोष्टी मागितल्या, काळ सांगितला, हद्द सांगितली, आणि अजून १२५ शब्द शिल्लक आहेत. एवढे बसते याचे कारण मराठीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडूनच येतात. ‘दुरुस्तीसाठी’, ‘पुस्तिकेतील’, ‘रस्त्यांच्या’ हे एकेकच शब्द आहेत.

आता हेच वाक्य निष्काळजीपणे टाइप केले तर पाहा. ‘२०२३ - २४’ असे रेघेच्या दोन्ही बाजूंना जागा सोडून लिहिले, तर मोकळ्या जागेवर शब्द तोडणाऱ्या साधनात एकाचे तीन शब्द होतात. सुटी रेघसुद्धा शब्द धरली जाते. मायक्रोसॉफ्ट वर्डही तसेच करतो. ‘दुरुस्ती साठी’, ‘पुस्तिके तील’ असे तोडून लिहिले की आणखी दोन वाढतात. पंचवीसचे एकोणतीस झाले, आणि मराठी अशुद्ध झाली ती वेगळीच. मोबाइलवर बोलून टाइप करताना आणि कळफलकाने सुचवलेले शब्द निवडताना हे तुटणे फार होते, म्हणून ‘साठी’, ‘मध्ये’, ‘पासून’, ‘समोर’, ‘कडून’, ‘बद्दल’ यांच्यामागे जागा पडली आहे का हे शोधा-आणि-बदला वापरून एकदा बघून घ्यावे. बदल मात्र एकेक पाहूनच करा. ‘मध्ये’च्या मागची जागा सरसकट काढली तर ‘घरा मध्ये’ दुरुस्त होईल, पण ‘तो मध्ये बोलला’ असे एखादे वाक्य बिघडेल.

उलटी चूकही होते. पूर्णविराम किंवा स्वल्पविरामानंतर जागा सोडली नाही, म्हणजे ‘आहे.परंतु’ असे लिहिले, तर दोन शब्दांचा एक होतो आणि आकडा खोटाच कमी दिसतो. ‘डॉ.आंबेडकर’ एक, ‘डॉ. आंबेडकर’ दोन, ‘इ.स.’ एक, ‘इ. स.’ दोन. ‘आई-वडील’ जोडून एक धरला जातो आणि तसाच धरावा. मर्यादेत बसण्यासाठी मुद्दाम जागा गाळू नयेत. वाचणाऱ्याला त्रास होतो आणि हाताने मोजणारा ते लगेच ओळखतो.

शब्द खरोखर वाचवायचे असतील तर सुरुवातीकडे बघा. ‘महोदय, मी आपणांस नम्रपणे विनंती करतो की, मला आपल्या कार्यालयाकडून पुढील माहिती मिळण्याची कृपा व्हावी’ हे १५ शब्द आहेत, म्हणजे पूर्ण मर्यादेचा दहावा हिस्सा, आणि त्यात माहितीची मागणी अजून सुरूसुद्धा झालेली नाही. माहिती मागणे हा कायद्याने दिलेला हक्क आहे. राज्यातल्या अर्जाच्या जोडपत्र ‘अ’ या ठरावीक नमुन्यात जन माहिती अधिकाऱ्याचा उल्लेख आधीच असतो. हे वाक्य काढले तर अर्जातले काहीच कमी होत नाही. त्यानंतर ‘करण्यात आलेल्या’ऐवजी ‘केलेल्या’, ‘देण्यात यावी’ऐवजी ‘द्यावी’, ‘या संदर्भातील’ऐवजी ‘याबाबतची’ असे केले की आणखी दहा-पंधरा शब्द सहज सुटतात. दोन विषय असतील तर छाटत बसण्यापेक्षा दोन अर्ज करणे योग्य. नियमही तेच सांगतो.

हाताने लिहायच्या परीक्षांतही शब्दमर्यादा असते. संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाची १० गुणांची उत्तरे १५० आणि १५ गुणांची २५० शब्दांत अपेक्षित असतात. सरावासाठी एक उत्तर लिहून त्याचे टंकलेखन करा, शब्द मोजा आणि त्याला ओळींनी भागा. आपल्या हस्ताक्षरात एका ओळीत सरासरी किती शब्द बसतात हे कळले की परीक्षेत नुसत्या ओळी मोजून भागते.

कॅरेक्टर मर्यादा: एसएमएस

इथे चुकीला थेट पैसे पडतात, म्हणून थोडे थांबून पाहू. एका एसएमएसमध्ये १४० बाइटची जागा असते. केवळ साध्या इंग्रजी अक्षरांचा संदेश असेल तर त्यात १६० कॅरेक्टर बसतात. पण मजकुरात एक जरी देवनागरी चिन्ह आले, तरी पूर्ण संदेश प्रत्येक चिन्हाला दोन बाइट या हिशेबाने जातो आणि मर्यादा ७० वर येते. (वर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट म्हटले; एसएमएसची साठवण वेगळी आहे, म्हणून इथे दोन.) इंग्रजी संदेशात संगणकाने आपोआप घातलेली वळणदार अवतरणचिन्हेही हाच घोळ करतात.

सत्तरच्या पुढे गेले की संदेशाचे भाग पडतात आणि ते जोडण्यासाठी प्रत्येक भागातले सहा बाइट खर्च होतात. उरलेल्या १३४ बाइटांत ६७ चिन्हे. म्हणून ७० पर्यंत एक संदेश, ७१ ते १३४ दोन, १३५ ते २०१ तीन. ‘सत्तर दुणे एकशेचाळीस’ असा हिशेब करून १४० चिन्हांचा मजकूर पाठवला तर तीन संदेशांचे पैसे लागतात. सोसायटीच्या पाचशे सभासदांना तो गेला तर एक हजाराऐवजी दीड हजार संदेश झाले.

एक नमुना मोजू:

उद्या सकाळी ७ ते ११ पाणी येणार नाही. टाक्या आजच भराव्यात. - सचिव

डोळ्यांनी मोजली तर यात आकड्यांसह २८ अक्षरे आहेत, म्हणजे मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी वाटतात. चिन्हे मात्र मोकळ्या जागा आणि विरामचिन्हांसह ६४ आहेत. ‘टाक्या’च्या पुढे ‘कृपया’ आणि एक जागा घातली तर बरोबर ७०. अजून एकच संदेश. त्यापुढे एक टिंब जरी वाढले तरी दोन. भावचिन्ह टाकायचा मोह असेल तर ते बहुधा दोन किंवा जास्त चिन्हांची जागा घेते हे ध्यानात ठेवा.

जागा वाचवायची तर जोडाक्षरे टाळलेली चांगली, कारण प्रत्येक जोडणीला हलन्ताचे एक जादा चिन्ह लागते. ‘प्रारंभ’ सात चिन्हांचा, ‘सुरू’ चारचा. ‘उपस्थित राहावे’पेक्षा ‘यावे’ कितीतरी आटोपशीर. अशी मराठी वाचायलाही सोपी जाते.

इतर ठिकाणच्या मर्यादा थोडक्यात. एक्सवर २८० आहेत; तिथे देवनागरीचे प्रत्येक चिन्ह एक, भावचिन्ह दोन आणि दुवा कितीही लांब असला तरी २३ धरला जातो. इन्स्टाग्रामच्या मजकुराला २,२०० आणि परिचयाला १५०. यूट्यूबच्या तांत्रिक नियमांत व्हिडिओच्या शीर्षकाला १०० कॅरेक्टर दिले आहेत, पण वर्णनाची मर्यादा ५,००० बाइट अशी आहे. माहिती अधिकाराच्या वरच्या परिच्छेदात २५ शब्द, १९२ चिन्हे आणि ५२० बाइट होतात. त्या प्रमाणात ५,००० बाइटांत सुमारे २४० शब्द बसतील. त्याच प्रमाणाने ३,००० कॅरेक्टरच्या ऑनलाइन चौकटीत कार्यालयीन मराठीचे सुमारे ३९० शब्द मावतात. आपल्या स्वतःच्या लिखाणाचा एक परिच्छेद असा एकदा मोजून ठेवला की पुढे अंदाज चटकन बांधता येतो.

फाइलच्या नावालाही हीच गोष्ट लागू आहे. लिनक्सवर फाइलचे नाव २५५ बाइटपर्यंतच चालते, म्हणजे देवनागरीत ८५ चिन्हे. लांबलचक मराठी नावाची फाइल एका संगणकावर उघडते आणि दुसऱ्यावर जतनच होत नाही, त्यामागे बहुधा हे असते.

दिसत नाही पण मोजले जाते

मजकूर तोच, साधन तेच, तरी दोन प्रतींचे आकडे वेगळे येतात. अशा वेळी अदृश्य चिन्हे शोधावीत. देवनागरी टाइप करताना दोन चिन्हे नकळत घुसतात: अक्षरे जोडायला सांगणारे आणि अक्षरे जोडू नका असे सांगणारे. कागदावर ती दिसत नाहीत, पण मोजणीत प्रत्येकी एक धरली जातात. ओळखायची खूण अशी की बाणाच्या कळीने पुढे सरकताना एके ठिकाणी कळ दाबूनही कर्सर हलत नाही.

‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. ‘ऱ’ची स्वतंत्र कळ वापरली तर त्यात ७ चिन्हे होतात. ‘र’ला नुक्ता (अक्षराखालचे टिंब) देऊन केला तर ८, आणि ‘र’, हलन्त व अदृश्य जोडचिन्ह वापरून केला तरी ८. तिन्ही दिसायला सारखेच. ‘ॲप’मधला ‘ॲ’ही काही कळफलकांवर एक चिन्ह असतो, तर काहींवर ‘अ’ आणि वर अर्धचंद्र अशी दोन. आकड्यातला एकाचा फरक सोसता येतो. खरा त्रास शोधताना होतो, कारण एका प्रकारे टाइप केलेला शब्द दुसऱ्या प्रकारे शोधला तर सापडत नाही. एकच कळफलक शेवटपर्यंत वापरणे हा सर्वांत सोपा उपाय.

संकेतस्थळावरून उचललेल्या मजकुरात न तुटणारी मोकळी जागा असते. ती दिसते साध्या जागेसारखीच, पण काही साधने तिच्यावर शब्द तोडत नाहीत, म्हणून शब्द कमी भरतात. वर्डमधल्या शोधा-आणि-बदलामध्ये कॅरेटचे चिन्ह (^) आणि त्याला लागून इंग्रजी लहान एस टाकला की ती सापडते. तिच्या जागी साधी जागा घाला.

पीडीएफमधून नकल केलेला मराठी मजकूर मोजण्याआधी वाचलाच पाहिजे. वेलांट्या जागा सोडतात, जोडाक्षरांच्या मध्ये फट पडते आणि एका शब्दाचे दोन होतात. खूपच विस्कटला असेल तर दुरुस्त करत बसू नका. पीडीएफ गूगल ड्राइव्हवर चढवून डॉक्समध्ये उघडली की प्रतिमेवरून मजकूर वाचला जातो. तो बहुधा जास्त स्वच्छ निघतो.

श्री-लिपी, कृतीदेव, शिवाजी अशा जुन्या फॉन्टमधला मजकूर ऑनलाइन चौकटीत टाकला की इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो, कारण आत खरोखर इंग्रजी अक्षरेच साठवलेली असतात, फक्त फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. मोकळ्या जागेवर शब्द तोडणाऱ्या साधनात त्याचीही शब्दसंख्या बहुतेक बरोबर येते. अक्षरे पाहून शब्द ओळखणाऱ्या साधनात मात्र ती पार चुकते. कृतीदेवमध्ये अर्धविरामाच्या कळीवर ‘य’ बसवलेला आहे, म्हणून प्रत्येक ‘य’पाशी शब्द तुटतो. कॅरेक्टरचा आकडा कोणत्याही साधनात निरर्थक. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा, मग रफार, ऱ्हस्व वेलांटी, क्ष, ज्ञ आणि ‘ऱ्य’ असलेले शब्द तपासा. रूपांतरात हेच बिघडतात.

चौकटीत बसूनही अर्ज अडला तर

काउंटरने ९९० दाखवले, मर्यादा १,००० ची आहे, तरी अर्ज परत आला. दोन कारणे आधी तपासा. पहिले म्हणजे ओळी. चौकटीतला काउंटर नवी ओळ एक धरतो, पण मजकूर पाठवला जातो तेव्हा प्रत्येक नव्या ओळीची दोन चिन्हे होतात. परिच्छेदांची आणि यादीची जितकी ओळ-तोड, तितकी मोकळीक सोडा. दुसरे म्हणजे बाइट. मजकूर साधारण एक तृतीयांशावर, साडेतीनशे चिन्हांच्या आसपास तुटला असेल, आणि शेवटी प्रश्नचिन्ह असलेला काळा चौकोन दिसत असेल, तर पलीकडचा संगणक बाइट मोजतो आहे. त्या ठिकाणी मुख्य मजकूर वेगळ्या फाइलमध्ये जोडणे आणि चौकटीत तीन-चार ओळींचा गोषवारा देणे हाच मार्ग उरतो.

कुठे काय चिकटवू नये

अप्रकाशित हस्तलिखित, न्यायालयीन कागद, आधार क्रमांक किंवा आजारपणाचा तपशील असलेला मजकूर अनोळखी काउंटरमध्ये टाकू नका. संगणकातल्या लिब्रेऑफिस रायटरमध्येही ‘टूल्स’खाली शब्दमोजणी आहे आणि ते विनामूल्य आहे. ऑनलाइन साधनच वापरायचे असेल तर ते खासगी खिडकीत उघडा, इंटरनेट बंद करा आणि मग मजकूर चिकटवा. आकडा आला तर मोजणी तुमच्याच ब्राउझरमध्ये होते आहे. आकडा टिपून घ्या, मजकूर पुसा, खिडकी बंद करा आणि त्यानंतरच इंटरनेट सुरू करा. पान उघडे ठेवून जोडणी परत दिली तर मजकूर तेव्हा पाठवला जाऊ शकतो. सूचना पाठवण्याची परवानगी मागणाऱ्या संकेतस्थळांना ती देऊ नका. शब्द मोजायला तिची काहीही गरज नसते.

शब्दाला दर असेल तर

भाषांतर करणाऱ्यांनी काम घेण्याआधीच दर मूळ मजकुराच्या शब्दांवर आहे की भाषांतराच्या, हे लेखी ठरवून घ्यावे. इंग्रजीतून मराठीत येताना शब्दसंख्या कमी होते, कारण इंग्रजीत सुटी असणारी शब्दयोगी अव्यये मराठीत प्रत्यय होऊन शब्दात मिसळतात आणि ‘द’सारखी उपपदे गळून जातात. मराठी शब्दांवर दर घेतला तर तेवढीच मेहनत कमी पैशांत जाते. मराठीतून इंग्रजीत करताना चित्र उलटे. कोणत्या साधनाने मोजायचे, आकडे आणि तळटीपा धरायच्या का, हेही त्याच निरोपात लिहा, आणि मोजणीच्या चौकटीचे चित्र फाइलसोबत ठेवा.